गॅसच्या पाइपचा नियम एकाला, आणि खोदतोय दुसराच

मुद्दा गॅसचा आहे, पण सुरुवात जेसीबीपासून करावी लागेल.

पावसाळा सोडला तर बिबवेवाडीत कुठला ना कुठला रस्ता उकरलेला असतोच. आज पाण्याची लाइन, उद्या ड्रेनेज, परवा महावितरणची केबल, त्यानंतर कुठल्या तरी कंपनीचं इंटरनेट. स्वामी विवेकानंद रस्ता घ्या, अप्परकडचा चढ घ्या, नाहीतर गंगाधाम चौकाकडचा भाग. सवय इतकी झालीय की आपण दोनच गोष्टी विचारतो: ट्रॅफिक कधी सुटणार आणि डांबर कधी पडणार. खड्ड्यात काय आहे हे वाकून कोणी बघत नाही.

वाकून बघितलंत तर बऱ्याच ठिकाणी पिवळा किंवा नारिंगी प्लॅस्टिकचा पाइप दिसेल. तो गॅसचा. महाराष्ट्र नॅचरल गॅस, म्हणजे आपण ज्याला एमएनजीएल म्हणतो, ती गेल आणि भारत पेट्रोलियमची मिळून काढलेली कंपनी २००६ सालची. तेव्हापासून पुण्यात हे जाळं वाढत गेलं आणि आता सोसायट्यांच्या स्वयंपाकघरात पोचलंय. चांगली गोष्ट आहे. सिलिंडरच्या नंबराची वाट बघणं संपलं, आणि योजनेवर माझा आक्षेप नाही.

पण तो पाइप म्हणजे काय हे नीट समजून घेऊया. गल्लीतल्या प्लॅस्टिकच्या लाइनमध्ये दाब साधारण ४ बारपर्यंत असतो. गाडीच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास दुप्पट. इमारतीपाशी तो कमी होतो आणि शेगडीला पोचेपर्यंत २१ मिलिबारवर येतो. म्हणजे आपल्या ओट्याजवळचा गॅस शांत असतो, पण गेटबाहेर रस्त्याखालचा तसा शांत नसतो. जेसीबीचा दात लागला की तो शिट्टी वाजवत, माती उडवत बाहेर येतो.

यावर लोकांचं ठरलेलं उत्तर असतं, "नैसर्गिक वायू हलका असतो हो, उडून जातो." उघड्यावर हे खरं आहे. सिलिंडरमधला एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो. हा हलका, वर जातो. पण आपल्या गल्ल्या बघा. अप्पर आणि लोअर इंदिरानगरच्या कितीतरी गल्ल्यांत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत काँक्रीट आहे. वरचं झाकण पक्कं. फुटलेला पाइप दिसला नाही, किंवा नुसता चिरला आणि वर माती लोटून काम पुढे गेलं, तर गॅसला वर जायला वाटच नाही. तो आडवा सरकतो. ड्रेनेजच्या कडेने, केबलच्या नळीतून, जिथे पोकळी मिळेल तिथून, आणि निघतो कुणाच्या तरी तळमजल्याच्या खोलीत. हवेत ५ ते १५ टक्के मिसळला की त्याला फक्त ठिणगी पाहिजे. फ्रिज आपोआप सुरू होतो, तेवढीसुद्धा पुरते.

आणखी एक गोष्ट. मुळात या गॅसला वास नसतो, कळावं म्हणून मुद्दाम मर्कॅप्टन मिसळतात. पण गॅस मातीतून बराच प्रवास करून आला तर तो वास मातीत शोषला जाऊन कमी होऊ शकतो. म्हणजे "वास आला असता ना" हाही काही पक्का भरवसा नाही.

आता नियम. पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ हे २००६ च्या कायद्याने झालं. शहरातल्या गॅस जाळ्यासाठी त्यांचे तांत्रिक आणि सुरक्षा नियम २००८ पासून आहेत, आपत्कालीन आराखड्याचे २०१० पासून, जाळ्याची तब्येत सांभाळण्याचे २०१३ पासून. पाइप किती खोल असावा, वर इशाऱ्याची पट्टी असावी, खुणेचे खांब असावेत, गस्त असावी, लोकांना माहिती द्यावी. कागदावर व्यवस्थित आहे. अटी मोडल्या तर मंडळ कंपनीला एक कोटी रुपयांपर्यंत दंड करू शकतं.

पण हे सगळे नियम बांधतात कोणाला? गॅस कंपनीला. पाइप तोडणारा असतो पाण्याच्या, ड्रेनेजच्या किंवा केबलच्या कामाचा ठेकेदार. त्याचा आणि त्या मंडळाचा काही संबंध नाही. त्याला मंडळाचं नावही माहीत नसतं, आणि मंडळाला त्याचं. त्याच्यावर फार तर पोलिसांत गुन्हा. भारतीय न्याय संहितेचं कलम २८७ बघा, आगीच्या आणि ज्वालाग्राही पदार्थांबाबत निष्काळजीपणाचं: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दोन हजार! जेसीबीचं दोन-तीन तासांचं भाडं झालं.

त्यातही गुन्ह्यात नाव बरेचदा कोणाचं येतं, तर ऑपरेटरचं. रोजंदारीवरचा पोरगा, त्याला मुकादमाने "इथून तिथपर्यंत मार" सांगितलेलं असतं. नकाशा त्याच्या हातात कधी दिलेलाच नसतो. त्याला आत टाकून ज्यांना समाधान मिळतं त्यांना मिळो, मला मिळत नाही.

मुंबईत काय झालं ते आठवा. मार्च २०२५, अंधेरी पूर्वेला शेर-ए-पंजाब कॉलनीपाशी मध्यरात्रीनंतर रस्त्यात खोदाई चालू होती, जेसीबीने गॅसची लाइन तोडली आणि आग लागली. तिघं भाजले. ते तिघं खोदणारे नव्हते, रस्त्याने जाणारे होते. आपल्या पुण्यातही खोदाईत गॅसचा पाइप फुटल्याच्या बातम्या वर्षात अनेकदा येतात. अग्निशामक दल येतं, कंपनीची माणसं व्हॉल्व्ह बंद करतात, चार-सहा तास घरोघरच्या शेगड्या बंद, सोसायटीच्या ग्रुपवर आरडाओरडा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच खड्ड्यात तोच जेसीबी. बहुतेक वेळा कोणी जखमी होत नाही. त्यामुळे आपण त्याला अपघात म्हणतच नाही, "गॅस गेला होता" म्हणतो. लाइट गेल्यासारखं.

यातला खरा धोका पाइप फुटून कळतो तेव्हाचा नाही, पाइप दुखावतो आणि कळत नाही तेव्हाचा आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात बेलिंगहॅम नावाचं गाव आहे. १९९४ मध्ये तिथे जलशुद्धीकरण केंद्राचं काम चाललं होतं. पाण्याच्याच योजनेचं काम, लक्षात घ्या. खोदणाऱ्या यंत्राने शेजारून जाणारी पेट्रोलची पाइपलाइन खरवडली. फुटली नाही. पुढे कंपनीच्या तपासणीत त्या जागी दोष दिसला, पण उकरून बघितलं नाही. १० जून १९९९ ला ती लाइन फाटली, पेट्रोल ओढ्यात शिरलं, ओढा पेटला. दहा वर्षांची दोन मुलं आणि मासे पकडायला गेलेला अठरा वर्षांचा एक मुलगा गेला. घाव घातल्यानंतर पाच वर्षांनी. बेल्जियममध्ये गिलेंगिएनला २००४ मध्ये तेच: बांधकामाच्या यंत्राने गॅसच्या मोठ्या लाइनला दुखापत केली होती, काही आठवड्यांनी ती फुटली आणि २४ माणसं मेली. दोन्ही लाइन आपल्या गल्लीतल्यापेक्षा कितीतरी मोठ्या, हे मान्य. पण ठेकेदाराने ओरखडा लपवणं आणि माती लोटणं, हा प्रकार सगळीकडे सारखाच.

प्लॅस्टिकच्या पाइपात आणखी एक गंमत आहे, म्हणजे गंमत नाही म्हणा. जेसीबीच्या दातात घराकडे जाणारी बारीक लाइन अडकून ओढली गेली तर ती ओढल्या ठिकाणी तुटेलच असं नाही. जोड सुटतो दुसऱ्या टोकाला, इमारतीच्या भिंतीपाशी. खड्ड्यातला माणूस म्हणतो "काही झालं नाही", आणि गळती चालू होते तुमच्या जिन्याखाली. म्हणून "नुसतं ओढलं गेलं" हेसुद्धा कंपनीला कळवायलाच पाहिजे. पण कळवलं तर काम थांबणार, दुरुस्तीचा खर्च अंगावर येणार. मग तो कशाला कळवेल?

हा सगळा प्रश्न इथे येऊन थांबतो, आणि म्हणून मला पोस्टरबाजीचा कंटाळा आलाय. "खोदण्यापूर्वी फोन करा" हे वाक्य खूप छान आहे. फोन न करता खोदल्यावर काय होतं? उत्तर "काही नाही" असेल तर कोण करणार फोन?

अमेरिकेतही हे आपोआप झालं नाही. बेलिंगहॅमनंतर २००२ मध्ये कायदा सुधारला, २००५ मध्ये लोकजागृतीचा नियम आला. त्यात एक गोष्ट शिकण्यासारखी आहे: माहिती फक्त ग्राहकांना द्यायची नाही. लाइनच्या आसपास राहणारे, खोदणारे, स्थानिक अधिकारी, अग्निशामक दल, या सगळ्यांना द्यायची. त्या भागात बरेच लोक दुसरी भाषा बोलत असतील तर त्या भाषेतही द्यायची. आणि ठराविक वर्षांनी तपासायचं की लोकांना खरंच कळलं का. २००७ मध्ये देशभर ८११ हा एकच नंबर झाला. फोन केला की माणसं येऊन रस्त्यावर रंगाने खुणा करून जातात: गॅसला पिवळा, पाण्याला निळा, विजेला लाल. तरीही पाइप तुटतच राहिले, कारण अनेक राज्यांत शिक्षा नावापुरती होती आणि सरकारी खात्यांना सूट होती. शेवटी २०१५ मध्ये केंद्राने नियम केला की राज्य कारवाई करत नसेल तर आम्ही थेट खोदणाऱ्याला दंड करू. १ जानेवारी २०१६ पासून तो लागू झाला. म्हणजे त्यांनाही हे कळायला वेळ लागला की पाइपच्या मालकाला धरून भागत नाही, खोदणाऱ्याला धरावं लागतं.

आपल्याकडे मार्च २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते 'कॉल बिफोर यू डिग' हे अ‍ॅप आलं. कल्पना चांगली: खोदणाऱ्याने जागा टाकायची, तिथल्या केबल-पाइपच्या मालकांना निरोप जातो. विनासमन्वय खोदाईने देशाचं वर्षाला सुमारे तीन हजार कोटींचं नुकसान होतं, असं तेव्हा सरकारनेच सांगितलं होतं. पण त्यामागचा नियम दूरसंचार खात्याचा, रोख मुख्यतः केबलवर. आता एक प्रयोग करा. तुमच्या गल्लीत जेसीबी आला की मुकादमाला या अ‍ॅपचं नाव विचारा आणि त्याचा चेहरा बघा.

मग आपल्या हातात काय आहे? माझ्या मते एकच दांडा आहे आणि तो दिल्लीत नाही, तो महापालिकेच्या खोदाई परवानगीत आहे. खाजगी कंपनीला पुण्यात रस्ता खोदायचा असेल तर पथ विभागाची परवानगी लागते, मीटरमागे बारा हजारांच्या घरात शुल्क भरावं लागतं. ते शुल्क कशाचं? रस्ता पूर्ववत करण्याचं. डांबराचा हिशोब झाला. डांबराखाली जे आहे त्याचा हिशोब या रकमेत कुठे आहे? आणि महापालिका स्वतः खोदते, समान पाणीपुरवठ्यासाठी, ड्रेनेजसाठी, तेव्हा परवानगी म्हणजे शेवटी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेलेला कागद. सगळ्यात जास्त खोदणारं खातं आणि परवानगी देणारं खातं एकाच इमारतीत बसणार, मग कोण कोणाला अडवणार?

या परवानगीला चार ओळी जोडा. गॅस कंपनीचा माणूस जागेवर येऊन खूण करून सही करत नाही तोवर जेसीबी उतरवायचा नाही. खुणेच्या जवळ आधी हाताने, कुदळ-फावड्याने चाचणीचा खड्डा घ्यायचा, पाइप डोळ्यांनी दिसला की मगच यंत्र. रात्री काम असेल तर कंपनीचा माणूस तिथे हजर पाहिजे. आणि पाइपला धक्का लागला तर दुरुस्तीचा खर्च ठेकेदाराच्या बिलातून कापायचा, लपवला असेल तर बिलच थांबवायचं. पुण्यात ठेकेदाराला पोलिसांची भीती वाटत असेल-नसेल, बिल अडकण्याची वाटते. दोन वेळा लपवताना सापडला तर पुढच्या निविदेत नाव नको. यासाठी नवा कायदा लागत नाही. निविदेच्या अटी महापालिकाच लिहिते.

"काम रखडेल" असं म्हणणारे येतीलच. रखडेल थोडं. आजही पाइप फुटला की अर्धा दिवस रखडतंच, वर अग्निशामकाची गाडी दुसरी आग सोडून इथे उभी राहते.

कंपनीलाही मी सोडणार नाही. प्लॅस्टिकचा पाइप धातू शोधणाऱ्या यंत्राला सापडत नाही, त्याच्यासोबत तार टाकलेली असेल तरच सापडतो. नाहीतर नकाशा हाच आधार. आणि नकाशात पाइप दाखवलेला असतो "भिंतीपासून अमुक फूट". ती भिंत रस्ता रुंद करताना मागे गेली! खोलीचंही तसंच. टाकताना मीटरभर खाली असेल, पण मग रस्ता खरवडून काँक्रीट केला, पदपथ दोनदा बदलला. आता वर किती माती उरलीय? खुणेचे खांब पेव्हर ब्लॉकच्या कामात उपटले जातात किंवा फळवाल्याची ताडपत्री बांधायला कामी येतात. कुठे व्हॉल्व्हच्या झाकणावर डांबर. गळती झाली की आधी झाकण शोधायचं, मग व्हॉल्व्ह बंद करायचा. नकाशे दर काही वर्षांनी जागेवर जाऊन तपासणं आणि महापालिकेला ताजे देणं हे कंपनीचं काम आहे. "सुरक्षेमुळे नकाशा देता येत नाही" हे उत्तर सामान्य माणसाला द्या, पथ विभागाच्या इंजिनिअरला देऊन कसं चालेल?

एकूणच जमिनीखाली काय आहे हे या शहराला माहीत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचाच ड्रेनेज सफाईचा ट्रक पेव्हर ब्लॉक खचून उभाच्या उभा आत गेला, तो व्हिडिओ सगळ्यांनी हसत हसत फॉरवर्ड केला. मीही हसलो. खाली जुनी विहीर होती म्हणतात. तिथे गॅसची मोठी लाइन असती तर?

आता जागृतीचं. कंपनी माहितीपत्रक कोणाला पाठवते? ग्राहकाला, बिलाबरोबर, मेसेजवर. पण अप्परच्या कितीतरी घरांत अजून सिलिंडरच आहे. पाइप त्यांच्या उंबऱ्यासमोरून पुढच्या सोसायटीला जातो. धोका दारात, आणि माहिती पुढच्या गेटला! त्यांना कोणी सांगितलंय की वास आला तर काय करायचं? महेश सोसायटी चौकातल्या भाजीवाल्याला, रात्रपाळीच्या वॉचमनला, रस्त्यावर गॅस पेटवून वडे तळणाऱ्या गाडीवाल्याला? खोदणाऱ्या मजुरांत कोणी मराठवाड्यातून आलेला, कोणी कलबुर्गीचा, कोणी बिहारचा. त्याला इंग्रजी पत्रकाचा काय उपयोग? मराठी, हिंदी, कन्नड अशा तीन भाषांत, चित्रासकट, सार्वजनिक नळाशेजारच्या भिंतीवर रंगवून टाका. खर्च किती येईल? एका फ्लेक्सवर नेत्यांच्या वाढदिवसाला जातो त्याहून कमी.

तोवर निदान इथे वाचणाऱ्यांनी एवढं करा. रस्त्यात पाइप फुटला, शिट्टीसारखा आवाज आला, वास आला, तर सगळ्यात आधी लांब जा आणि इतरांना लांब न्या, वाऱ्याच्या उलट्या बाजूला. जेसीबीवाल्याने इंजिन बंद करून उतरायचं, पाइप दातात अडकला असेल तर ओढून काढायचा नाही. त्यावर माती टाकून "बंद" करायचा प्रयत्न नको, गॅस आत वळतो. पेटला असेल तर पाणी मारून विझवू नका. पेटलेला गॅस दिसतो तरी, विझवल्यावर साचतो. आसपासच्या घरांत दिव्याची बटणं ना लावायची ना बंद करायची. लांब गेल्यावरच फोन, १०१ किंवा ११२, आणि कंपनीचा आपत्कालीन नंबर जो बिलावर आणि मीटरजवळ लिहिलेला असतो. ज्यांच्याकडे बिल येत नाही त्यांनी शेजारच्या सोसायटीतून तो आजच घेऊन ठेवा.

हे आत्ताच का लिहितोय? कारण आपल्या भागात खरी खोदाई अजून व्हायचीय. स्वारगेट ते कात्रज भुयारी मेट्रो, ५.४६ किलोमीटर, केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केली. आधी मार्केट यार्ड, पद्मावती, कात्रज अशी तीन स्थानकं होती, नंतर बिबवेवाडी आणि बालाजीनगर वाढवली. मेट्रो पाहिजेच, वाद नाही. बोगदा खोलवरून जाईल, पण स्थानकाचा खड्डा वरूनच उघडतात. त्याआधी पाणी, ड्रेनेज, वीज, गॅस, सगळ्या लाइन बाजूला सरकवाव्या लागतात. म्हणजे आधीच गजबजलेल्या रस्त्याखाली जुन्या लाइनच्या शेजारी नव्या लाइन, निरनिराळे ठेकेदार, आणि प्रत्येकाला घाई. परवानगीच्या अटी बदलायच्या असतील तर त्या आत्ता, कामं सुरू व्हायच्या आधी बदलाव्या लागतील.

मी बिबवेवाडी क्षेत्रीय कार्यालयाकडे माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. प्रश्न साधे आहेत. गेल्या तीन वर्षांत या हद्दीत खोदाईत गॅसची लाइन किती वेळा तुटली, तारीख आणि जागेसह? प्रत्येक वेळी कोणाचं काम चालू होतं? त्या खोदाईला परवानगी होती का, आणि ती देताना गॅस कंपनीला कळवल्याचं पत्र आहे का? दुरुस्तीचा खर्च कोणाकडून वसूल केला, किती? कुठल्या ठेकेदारावर कारवाई झाली? अशी नोंदच ठेवली जात नसेल तर तसं लेखी द्या.

दहा रुपयांचा अर्ज आहे, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. धनकवडी, कोंढवा, सिंहगड रस्ता, तुमच्या तुमच्या क्षेत्रीय कार्यालयाला हेच प्रश्न विचारा, शब्दसुद्धा बदलू नका, म्हणजे उत्तरं शेजारी शेजारी ठेवून बघता येतील. मसुदा पाहिजे त्यांनी सांगा, पाठवतो.